दोन शिक्क्यांचे प्रूफ

डोंगराच्या कुशीत वसलेल्या ओयासावा या खेड्याच्या बसथांब्यावर, डिसेंबरमधील एका धूसर दुपारी, कोझुए कुसाकारी हिने एका अनोळखी पुरुषाला आपले वाक्य खोडताना रंगेहाथ पकडले.

ती त्या गावी धुरी दिलेल्या मुळ्याच्या लोणच्याची चव घेण्यासाठी गेली होती. योकोते शहरातील एका लहानशा जाहिरात कचेरीत ती मजकूर लिहीत असे, आणि पुढच्या पत्रकात त्या लोणच्याचे वर्णन करावयाचे होते. परतीच्या बससाठी ती थांब्यावर आली, तर खांबावर चिकटवलेल्या तिच्याच पत्रकासमोर एक उंच, किंचित वाकलेला तरुण लाल पेन्सिल घेऊन उभा! त्याच्या टोपीवर बर्फाचे कण साचले होते. म्हणजे हा उद्योग बराच वेळ चालला असावा.

"अहो, हे काय चाललंय?"

तो दचकला. "नाही, म्हणजे... माझी आजी तीन दिवस हा कागद वाचतेय. तिला वाटतंय, दुकानाचा मालक गेला आणि हे त्याच्या श्राद्धाचं आमंत्रण आहे."

कोझुएने पत्रकाकडे पाहिले. 'शुभ्र हिमऋतूच्या मंगल आगमनानिमित्त, आपणां सर्वांच्या कृपालोभास पात्र ठरलेल्या आमच्या भांडारातर्फे, निःशुल्क वाहनसेवेची विनम्र योजना करण्यात येत आहे.' या वाक्यासाठी तिने दोन दिवस खर्ची घातले होते.

"हे मी लिहिलंय," ती म्हणाली.

त्या तरुणाने पेन्सिल पाठीमागे लपवली. मग हळूच म्हणाला, "...अक्षर छान आहे."

"छापील आहे ते!"

"म्हणून तर छान आहे."

तिला राग यावयास हवा होता. पण ओठांच्या कोपऱ्याने दगा दिला. त्याने वाक्याखाली लिहिले होते – 'बस येईल. पैसे पडणार नाहीत.' इतकेच. आणि खरे सांगावयाचे तर, त्या दोन तुटक वाक्यांसमोर तिचे ते अलंकृत वाक्य लग्नाचा पोशाख घालून भाजी आणायला निघालेल्या माणसासारखे दिसत होते.

"आणि तुम्ही कोण? गावचे मास्तर?"

"तोमोनारी आशिदा. सोमवारपासून शहरात एका जाहिरात कचेरीत लागतोय. मुद्रितशोधक म्हणून."

"कुठल्या?"

त्याने नाव सांगितले. कोझुएने मफलर नाकापर्यंत ओढून घेतला, जेणेकरून आपले हसू त्याला दिसू नये.

"मग सोमवारी भेटूच, आशिदासान," ती नावाला आदराचा 'सान' जोडून म्हणाली. "पेन्सिलीला टोक करून या."

त्या कचेरीत एक जुना रिवाज कसोशीने पाळला जात असे. कोणतेही प्रूफ छापखान्याकडे जाण्यापूर्वी त्याचे जोडवाचन व्हावयाचे. एकाने मूळ मजकुराचा गठ्ठा, शेवटच्या चिठ्ठीपर्यंत, मोठ्याने वाचावयाचा. दुसऱ्याने प्रूफावर बोट ठेवून ऐकावयाचे. स्वल्पविराम, कंस, टाइपाचा आकार, सर्व काही तोंडाने उच्चारावयाचे. मग दोघांनी आपापल्या नावाचे शिक्के शेजारी-शेजारी उमटवावयाचे. शिक्का म्हणजे शब्द; आणि शब्द दिला की तो परत घेता येत नाही, असे कचेरीप्रमुख ओनोदेरासाहेब नेहमी सांगत.

आशिदाला त्यांनी करारावर घेतले होते. "मार्चअखेर एकही चूक सुटली नाही, तर एप्रिलपासून कायम," ते म्हणाले होते. "एक सुटली, तर करार तिथेच संपला." आजीने त्याला एकटीने वाढवले होते, ती आता एक्क्याऐंशीची होती, आणि त्याला तिला सोडून दूरच्या शहरी नोकरी शोधत जावयाचे नव्हते. ही नोकरी म्हणजे त्याचे घर होते, असे म्हटले तरी चालेल.

मंगळवार आणि शुक्रवार हे जोडवाचनाचे दिवस. खिडकीबाहेर बर्फ पडत असे, आत रॉकेलची शेगडी गुणगुणत असे, आणि त्या दोघांचे आवाज एकमेकांच्या मागून चालत.

"हिवाळी मुळा, कंस सुरू, आपल्याच मातीतला, कंस बंद, स्वल्पविराम..." तो वाचत असे.

"थांबा. 'आपल्याच मातीतला' हे आजीला कळेल?"

"आजी म्हणेल, मुळा मातीत नाही तर काय झाडाला लागतो? 'ओयासावाचा मुळा' लिहा. ती लगेच विचारील, कुणाच्या शेतातला."

अशा रीतीने ती साधे लिहावयास शिकली. तिच्या वाक्यांतील 'शुभ्र' गेले, 'मंगल' गेले, 'विनम्र' तर पहिल्याच आठवड्यात गेले. डोंगरावरच्या आजीला एकदा वाचून कळले पाहिजे, या एका कसोटीवर ती प्रत्येक ओळ घासून पाही. ज्या भांडाराची ती पत्रके होती, त्याचे मालक खूश झाले. ओनोदेरासाहेब म्हणाले, "कुसाकारी, हल्ली तुझं लिहिलेलं माझ्या बायकोलासुद्धा कळतं," आणि ती स्तुती की टोमणा, हे कोणासच उमगले नाही.

जानेवारीतील एका शुक्रवारी तो नेहमीच्याच संथ स्वरात वाचीत होता –

"लोकरी मोजे, लाल आणि निळे, पूर्णविराम. नवी ओळ. कोझुएसान, आज कचेरी सुटल्यावर मोकळ्या आहात का, प्रश्नचिन्ह."

तिचे बोट प्रूफावर जागच्या जागी थबकले. शेगडी गुणगुणतच होती...

"ही ओळ प्रूफात नाही," ती मान वर न करता म्हणाली.

"मग? घालायची की खोडायची?"

मुद्रितशोधकांची एक खूण असते. चुकून खोडलेला शब्द पुन्हा ठेवावयाचा असेल, तर त्याच्या शेजारी लाल अक्षरांत 'जिवंत' असे लिहितात. तो शब्द मग छापला जातो. जणू काही झालेच नव्हते. कोझुएने लाल पेन्सिल उचलली आणि प्रूफाच्या कोऱ्या समासात, कोणत्याही शब्दाशेजारी नव्हे, तर नुसत्याच मोकळ्या जागेत, लिहिले – जिवंत.

त्या सायंकाळी त्यांनी तव्यावरच्या गरम नूडल्स खाल्ल्या. त्यावरचे अर्धकच्चे अंडे त्याने शेवटपर्यंत राखून ठेवले आणि मग अर्धे तिच्या ताटलीत सरकवले.

"काय हे, आशिदासान? लाच?"

"छे. संपादन."

निघताना त्याने खिशातून आपला शिक्का काढला; बोराएवढ्या जाडीचा, टोकाशी झिजलेला लाकडी शिक्का. "हा तुमच्या खणात ठेवाल? माझ्या खिशाला भोक आहे. परवा बर्फात शोधत बसलो अर्धा तास."

"नवं जॅकेट घ्यायचं सोडून शिक्का वाटताय? माणसं बँकेतसुद्धा असा विश्वास टाकत नाहीत."

"बँक माझ्यासोबत नूडल्स खात नाही."

तिने तो शिक्का मुठीत घेतला. त्याला त्याच्या हाताची ऊब होती. कोणाचे नाव आपल्या मुठीत असणे म्हणजे काय, हे तिला त्या क्षणी प्रथमच समजले.

फेब्रुवारीत शहरात हिमोत्सवासाठी बर्फाच्या घुमटाकार खोल्या उभ्या राहू लागल्या, आणि भांडाराने उत्सवाच्या खरेदीसाठी पुन्हा गावोगावी बस पाठवावयाचे ठरवले. त्या पत्रकासाठी कोझुएने आयुष्यातील सर्वांत सुंदर ओळी लिहिल्या –

'रविवारी सकाळी नऊला बस तुमच्या गावात येईल. थांब्यावर उभे राहा. पुढचे आम्ही पाहू.'

आशिदाने त्या वाचल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाला, "यात मला हात लावायला जागाच नाही." त्याच्या तोंडून याहून मोठे प्रेमाचे बोलणे निघणे शक्य नव्हते.

मंगळवारी जोडवाचन व्हावयाचे होते. पण त्या दिवशी आजीचे डोळे तपासावयाचे होते. "मी तीनपर्यंत येतो. मग वाचू," असे तो फक्त तिला सांगून गेला. तीन वाजले. साडेतीन वाजले. रस्ता बर्फाने अडला असल्याचा निरोप आला. छापखान्याचा माणूस दारात येऊन हातावर हात चोळू लागला. आतल्या खोलीत ओनोदेरासाहेब होते. जोडवाचन राहिले आहे असे सांगितले असते, तर त्यांनी प्रथम विचारले असते, आशिदा कुठे आहे?

मार्चअखेरीस सहा आठवडे उरले होते.

ओळी तिला पाठ होत्या. तिच्याच होत्या त्या. तिने खण उघडला, प्रथम आपला शिक्का उमटवला, आणि मग त्याच्याच शेजारी, तितक्याच काळजीने, त्याचा. लाल शाईतील ती दोन नावे एकमेकांस खेटून किती शोभत होती! ती स्वतःशीच हसली, आणि तिने प्रूफ त्या माणसाच्या हाती दिले.

गठ्ठ्याच्या अगदी तळाशी, मागच्या बाजूने टाचलेली भांडाराची एक चिठ्ठी होती. सोमवारी सायंकाळी आलेली. 'बस रविवारऐवजी शनिवारी सोडावी.' मोठ्याने वाचीत गेले असते, तर ती शेवटी हाताला लागलीच असती.

शनिवारी बस गावोगावी रिकामी फिरून आली. एवढ्या बर्फात म्हातारी माणसे कशाला निघतील, असे चालकास वाटले. आणि रविवारी, सात खेड्यांच्या सात थांब्यांवर, एक्केचाळीस म्हातारी माणसे उभी राहिली.

मजकूर क्लिष्ट असता, तर कोणीतरी दूरध्वनी करून खात्री केली असती. पण या ओळींत शंकेला फटच नव्हती. थांब्यावर उभे राहा, असे लिहिले होते. ती उभी राहिली. पुढचे आम्ही पाहू, असे लिहिले होते. त्यांनी वाट पाहिली. ओयासावाच्या थांब्यावर आशिदाची आजी पावणेदोन तास उभी होती. शेजारीण म्हणाली, "चला घरी, आजी." तर तिने पत्रक दाखवले. "अगं, माझ्या नातवाच्या कचेरीचं आहे. तिथं चूक नसते." अखेर परत फिरताना ती गोठलेल्या पायरीवर घसरली, आणि तिच्या खुब्याचे हाड मोडले. डोंगरावरच्या घरी तिला यापुढे एकटीने राहता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले.

सोमवारी ओनोदेरासाहेबांनी ते प्रूफ मेजावर ठेवले. एका बाजूस कोझुए उभी, दुसऱ्या बाजूस आशिदा. रात्रभर इस्पितळात बसून डोळे लाल झालेला.

"दोन शिक्के आहेत," साहेब म्हणाले. "जुळवून पाहणं मुद्रितशोधकाचं काम. आशिदा, हे तू वाचलंस?"

आशिदाने आपल्या नावाकडे पाहिले. मग तिच्याकडे. त्या दृष्टीत राग नव्हता, प्रश्नही नव्हता; तो केवळ थांबला होता... जसा जोडवाचनात थांबत असे, पुढची ओळ तिने म्हणावी म्हणून.

कोझुएच्या तोंडात वाक्य तयार होते. तीन शब्दांचे. आजीलाही एकदा ऐकून कळेल इतके सोपे. पण तिला आपली सहा वर्षांची नोकरी दिसली, साहेबांचा चेहरा दिसला, आणि तिने स्वतःला सांगितले – उद्या बोलेन. उद्या नक्की.

"शिक्का माझा आहे," आशिदा म्हणाला, आणि कमरेत वाकला.

त्या आठवड्यात तो मिठाईचे डबे घेऊन चाळीस दारांशी वाकून आला. एक्केचाळिसावा, शेवटचा डबा त्याने इस्पितळात आजीच्या उशाशी ठेवला आणि तिथेही, परक्या माणसाप्रमाणे, वाकून क्षमा मागितली. आजी म्हणे रडली नाही. एवढेच म्हणाली, "तू वाचलं असतंस, तर असं झालं नसतं."

करार संपला. शेवटच्या दिवशी कोझुएने त्याला जिन्यात गाठले.

"आशिदासान... मी तुमच्यासाठीच केलं. तुम्हाला उशीर झालेला साहेबांना कळू नये म्हणून."

"माहीत आहे," तो म्हणाला. "ते मला प्रूफ पाहताक्षणी कळलं. माझा शिक्का इतका सरळ मला स्वतःला कधी मारता आला नाही."

"मग—"

"शिक्का माझ्यासाठी मारलात. गप्प कोणासाठी बसलात, कोझुएसान?"

तो जिना उतरून गेला. पावलांचा आवाज बर्फात लगेच बुडाला.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांना सर्व सांगितले. त्यांनी चष्मा काढून पुसला. "आता? भांडाराला आशिदाचं नाव कळवून झालं. प्रकरण मिटलं. आता तू खरं बोललीस, तर दोघं जातील, एवढाच फरक." आणि थोड्या वेळाने, "कामाला लाग." याहून कठोर शिक्षा त्यांना देता आली नसती.

तिने त्याला पत्र लिहिले. अनेकदा फाडले. शेवटी चारच ओळी उरल्या –

'शिक्का मी मारला. मी बोलायला हवे होते. मी घाबरले. माझे तुमच्यावर प्रेम आहे.'

चौथ्या ओळीवर तिने एक बारीक रेघ ओढली. खाली अक्षरे स्पष्ट वाचता येत होती. तिने ती रेघ का ओढली, हे त्याच्याइतके या जगात दुसऱ्या कोणास समजले असते? सोबत त्याचा शिक्का तिने कापसात गुंडाळून ठेवला.

मार्च संपत आला. छपरांवरून पागोळ्या गळू लागल्या. आशिदाने आजीला घेऊन दूरच्या सेंदाई शहरात खोली घेतल्याचे कानावर आले. आणि एके दुपारी तिचेच पत्र तिच्याकडे परत आले.

तिने ते मेजावर पसरले. लाल पेन्सिलीची एकही खूण नव्हती. पहिल्या तीन ओळींत त्याला काही चूक आढळली नव्हती. चौथ्या ओळीशेजारच्या समासात 'जिवंत' लिहिलेले नव्हते. खोडलेले खोडलेलेच राहिले होते. तळाशी, उजव्या कोपऱ्यात, त्याच्या नावाचा शिक्का होता, थोडा तिरका उमटलेला, आणि त्याच्यावर त्याच्या अक्षरांत दोन शब्द – 'वाचन पूर्ण.'

शेगडी गुणगुणत होती. समोरची खुर्ची रिकामी होती. कोझुएने पत्रावर बोट ठेवले आणि रिवाजाप्रमाणे ते मोठ्याने वाचावयास प्रारंभ केला –

"शिक्का मी मारला, पूर्णविराम. मी बोलायला हवे होते, पूर्णविराम. मी घाबरले, पूर्णविराम..."

चौथ्या ओळीपाशी ती थांबली. खोडलेली ओळ जोडवाचनात वाचीत नाहीत.

तिने खणातून आपला शिक्का काढला, आणि त्याच्या नावाशेजारी उमटवला.