नदीकडची भिंत

देवळीच्या पुढं, नदीकाठच्या एका गावात जुनी दगडी धर्मशाळा होती. २००६ च्या पुरात तिच्या पायात शिरलेलं पाणी उन्हाळ्यातही हटेना. पावसाचा भरवसा उरला नव्हता, त्यात खाली नवं धरण होऊन नदीचं पाणी मागं तुंबलेलं. नदीकडची भिंत पोटातून पोखरत चालली होती. ती वाचवायचं काम रक्षाकडे आलं. इंजिनिअर झाल्यावरचं पहिलंच स्वतंत्र काम, त्यामुळे ती पदर खोचून उभी.

पद्धत साधी होती. मोटरपंपाने पाणी उपसायचं, भिंतीलगत खड्डा खणायचा, खालचे झिजलेले दगड काढायचे आणि त्या पोकळीत नवा चिरा सारायचा. दगड काढले की भिंत थोडी बसतेच. ही केसभरही बसली नाही. रक्षा खूश झाली. खरं तर तेव्हाच तिला धडकी भरायला हवी होती.

दुपारी डोमाजी गवंडी खड्ड्यातून वर आला, तो पांढराफटक पडून.

"म्याडम, तिकडून कोनी चिरा धरून राह्यलं."

"तिकडं तं नदी हाये, भाऊ. कोन धरीन?"

"मी सारला, तं त्यानं नीट बसवून घेतला."

रक्षा हसली. "मंग तं तुमच्याच हाताची तारीफ हाये!"

बाईमाणसासमोर भित्रा ठरायला नको, म्हणून तो पुन्हा उतरला. ती भिंतीच्या दुसऱ्या टोकाला गेली.

थोड्या वेळाने पंप गचके खाऊन बंद पडला. ती धावत आली, तर खड्ड्यात गढूळ पाणी भराभर चढत होतं आणि डोमाजी दिसत नव्हता. आपण हसून माणसाला खाली धाडलं! तिने खड्ड्यात उडी घेतली. पाणी कमरेला लागलं, भर उन्हात हाडं गोठवणारं. वाकून तिने खांद्यापर्यंत हात भिंतीखाली घातला.

बोटांना बोटं लागली.

"धरा, भाऊ! घट्ट धरा!"

त्या हाताने धरलं.

"म्याडम!" वरून हाक आली. काठावर डोमाजी उभा होता. "मी पंपाकडं गेलतो. तुमी काऊन उतरल्या?"

तिने हात ओढला. सुटेना.

पण तो हात तिला ओढत नव्हता. त्याला घाई नव्हती. त्याने तिचा पंजा उताणा केला, बोटं सरळ केली आणि वरच्या दगडाखाली नीट टेकवला.

पाणी तिच्या छातीला लागलं.

मग तो हात हळूच निघून गेला, आणि भिंतीचा भार तिच्या तळहातावर आला.