रिकामं अंतर

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. माझ्या बहिणीला मी हे सांगितलेलं नाही. ती लगेच मला डॉक्टरकडे नेईल.

काम साधंच होतं. चष्म्याच्या नव्या काचा तयार झाल्या होत्या, त्या आणायच्या होत्या. बारक्या भावजी म्हणाले, "वहिनी, बसनं कशाला? मी सोडतो." ते आमच्या ह्यांचे मित्र. दारातून तिरकं होऊन आत यावं लागेल इतका धिप्पाड माणूस, म्हणून बारक्या. हे गेल्यावर आमची गाडी त्यांनीच घेतली. दोघंही एकाच कंपनीच्या अ‍ॅपवर भाडी मारायचे. हे गेले, आणि गाडी तेच काम करत राहिली.

तिच्यात मी वर्षानं बसत होते, पुढे भावजींच्या शेजारी. सीटच्या खोळी नव्या होत्या, पण वास तोच. कंबरेला चोळायच्या मलमाचा. दिवसभर बसून ह्यांची कंबर धरायची, आणि रात्री घरभर तो वास पसरायचा. तेव्हा मी नाक मुरडायचे.

"जातच नाही हो," भावजी म्हणाले. "सुगंधी फवारे मारून झाले. प्रवासी विचारतात, गाडी आहे की दवाखाना?"

मी हसले. बरं वाटलं हसून.

भर दुपार होती, पण गोदामांच्या रस्त्याला लागलो आणि धुकं उतरलं. आधी दिव्यांचे खांब गेले, मग भिंती, मग रस्ता. भावजींनी गाडी कडेला घेतली. बाहेर काहीच उरलं नव्हतं. कुठूनतरी पाणी ठिबकत होतं, तेवढंच ऐकू येत होतं.

त्यांचा फोन वाजला. कंपनीचा निरोप. सकाळपासून सहाव्यांदा, ते म्हणाले, आणि मोठ्यानं वाचू लागले. "प्रिय भागीदार, तुमच्यासाठी आनंदाची बातमी! आमची नवी दररचना अधिक सोपी, अधिक पारदर्शक..."

मागच्या काचेवर आवाज झाला. टक. टक.

"काच सैल झालीय," भावजी म्हणाले.

ह्यांना गोल गोल बोलणं सोसत नसे. दुकानदार असो, नातेवाईक असो, मी असो, कुणी आडवळणं घ्यायला लागलं की हे बोटातली अंगठी टेबलावर वाजवायचे. टक, टक. म्हणजे, मुद्द्यावर या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्या आवाजानं मला रडू यायचं. आता ती अंगठी माझ्या कपाटात आहे, रुमालात बांधलेली.

"अंधार पडायच्या आत 'मान्य' दाबायचंय," भावजी सांगत होते. "नाही दाबलं तर काम बंद. आणि दाबलं तर काय होणार, ते कुणी धड सांगत नाही. लिहिलंय, तुमची कमाई आता तुमच्या हातात..."

टक. टक.

या वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वहिनी... तुम्ही?"

"माझे हात मांडीवर आहेत, भावजी."

मग त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. का, ते मी विचारलं नाही.

एका मुलीचा आवाज आला, कोवळा आणि पाठ केलेला. "नमस्कार. आपण आमच्या कुटुंबाचा एक भाग आहात. मी आपली काय मदत करू?"

"कुटुंबातली आहेस तर एवढंच सांग, बाळ. प्रवाशाला घ्यायला आम्ही रिकामी गाडी नेतो. त्या अंतराचे पैसे आजवर मिळायचे. नव्या दरात आहेत की नाहीत?"

"नव्या रचनेत आपला एकूण अनुभव..." ती थांबली. "हॅलो? मागे कोण बोलतंय?"

"कुणी नाही. तू सांग."

"नव्या रचनेत आपला एकूण..." पुन्हा थांबली. तिचा श्वास ऐकू येत होता. मग आवाज अगदी खाली आला. "नाहीत, काका. ते पैसे काढलेत. आम्हाला सांगायची परवानगी नाही. हा फोन रेकॉर्ड होतोय... होऊ दे."

भावजींनी डोळे मिटले. मला मात्र, खरं सांगते, भीती वाटली नाही. दिवेलागणीला जिन्यावर ह्यांची पावलं वाजायची, तेव्हा वाटायचं तसं वाटलं. फक्त, तिला ऐकू आलं आणि मला नाही, एवढंच टोचत होतं.

"मुली," मी म्हटलं, "मागून काय म्हणाले ते?"

"'सरळ सांग, चिमणे.' दोनदा." ती अडखळली. "काकू, ते कोण आहेत? मला चिमणी फक्त माझे बाबा म्हणायचे. तेही गाडीच चालवायचे... ते गेले त्याला..."

फोन कुणीतरी कापला.

ह्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला चिमणी म्हटलं नव्हतं.

भावजींनी 'अमान्य' दाबलं. मग चालकांच्या ग्रुपवर, मुलीचा उल्लेख टाळून, रिकाम्या अंतराचं सगळं बोलून पाठवलं. "उद्या काम नसेल, वहिनी," ते म्हणाले. "पण निदान कुणी मला मूर्ख बनवलं नाही."

धुकं थोडं विरलं. त्यांनी गाडी सुरू करून पहिला गिअर टाकला. ती उचलेना. इंजिन कण्हलं, मागची बाजू खाली दबल्यासारखी झाली, आणि आम्ही कसेबसे रस्त्यावर आलो.

भावजींनी आरशात पाहिलं नाही. मीही मागे वळले नाही.

"मागची सीट भरली," ते हळूच म्हणाले, "की ही अशी ओढते."