निवांतखूण

अंगठी लाल झाली की जगातलं एकही दुकान तुम्हाला काही विकत नसे. मालन चौगुलेची अंगठी दुपारपासून लालच होती, आणि आतल्या खोलीत ग्लानीत पडलेल्या तिच्या नवऱ्याच्या, रंगरावांच्या छातीतला पंप संपत आलेल्या सेलवर कसाबसा चालला होता. संध्याकाळपर्यंत नवा सेल आला नाही, तर पंप थांबणार होता. जयसिंगपुरातली दुकानं केव्हाच मिटली होती. सगळा माल ऑनलाइन मागवायचा, तो उडत येऊन अंगणात उतरायचा. डॉक्टरसुद्धा हा सेल तसाच मागवायला सांगत.

तिनं पुन्हा पडद्यावरच्या सेलच्या चित्रावर बोट टेकलं.

"मन निवांत झाल्यावर खरेदी करा," पडदा गोड आवाजात म्हणाला.

"मुडदा बशिवला तुझा!" मालन म्हणाली आणि तिनं भाचीला फोन लावला.

भाची म्हणजे डॉक्टर तेजश्री. अंगठी तिनंच शोधून काढलेली, आणि तीही मालनमावशीमुळेच. 'तुमचं पार्सल अडकलंय, आत्ताच्या आत्ता पैसे भरा, नाहीतर पोलीस येतील,' असल्या एका फोनला घाबरून मावशीनं एकदा सगळी पुंजी घालवली होती. तेव्हा तेजश्रीच्या लक्षात आलं, की चोर पासवर्ड फोडत नाहीत, माणूस फोडतात. आधी घाबरवतात, मग घाई करतात. घाबरलेल्या माणसाची नाडी पळते, बोटांना बारीक घाम फुटतो, रक्तात भीतीचं रसायन चढतं. अंगठी हे सारं मोजायची आणि सगळं जागच्या जागी असेल तरच हिरवी व्हायची. त्या हिरव्या रंगाला लोक निवांतखूण म्हणू लागले. निवांतखूण असेल तरच पैसे हलत. ऑनलाइन चोरांचा धंदा बसला तो कायमचा.

"तेजा, तुझ्या अंगठीला सांग की गं, हितं चोर न्हाई कोण. ही भीती खरी हाय."

"मावशी, खरी भीती आणि चोरानं घातलेली भीती, शरीराला दोन्ही सारख्याच. एक फट ठेवली असती, तर सगळे चोर तिथूनच शिरले असते."

"मग तू मागीव की!"

"मघापासून तेच करतेय, मावशी. माझीही लाल आहे."

औषधपाण्याची वस्तू घरच्यानं नाहीतर शेजाऱ्यानंच मागवायची, असा नियम होता. शेजारी एकच, आप्पा मगदूम. त्यांचं आणि रंगरावांचं कुंपणावरून विळ्याभोपळ्याचं सख्य. मालनला उलट धीर आला. ज्याला रंगरावांचं काहीच वाटत नाही, त्याची अंगठी लाल कशाला होईल? अडला हरी, म्हणत ती गेली.

आप्पांनी ऐकून घेतलं आणि बोट टेकलं. लाल. पुन्हा टेकलं. लालच. म्हातारा स्वतःच्या बोटाकडं बघत राहिला.

"रंग्या गेला तर भांडू कुणासंगं, वैनी?" ते म्हणाले. "त्याला सांगू नगा हे."

मालन घरी आली. रडायला वेळ नव्हता. भीती कशाची, तर ते जातील याची. मग गेलेच असं धरलं तर? होऊन गेलेल्या गोष्टीला कोण भितं? तिनं पदर खोचला, भिंतीला टेकून डोळे मिटले आणि मनातल्या मनात नवऱ्याला पोचवायला निघाली. तिरडी बांधली. नदीवर नेलं. तेराव्याचं जेवण घातलं. सदरे वाटून टाकले. मन मागं ओढायचं, की ती पुन्हा तिरडीपासून सुरुवात करायची. मग रिकामी खाट झटकली, एकटीपुरता चहा केला, प्यायली. शेवटी त्या चहाला चवसुद्धा लागली.

तिनं डोळे उघडले तेव्हा अंगठी हिरवी होती.

दिवस मावळायच्या आत सेल आला. तिनं हात न थरथरता तो रंगरावांच्या कमरेच्या डबीत बसवला आणि पंप पुन्हा जोरात चालू लागला. तेजश्री फोनवर हसत-रडत विचारत होती, "कसं जमवलंस गं?" मालननं सांगितलं. तेजश्रीचं हसणं थांबलं.

"मावशी, हे कुणाला शिकवू नकोस," ती म्हणाली.

सकाळी रंगराव उठून बसले आणि त्यांना जोराचा ठसका लागला. मालननं चुलीपाशी उभ्या-उभ्या अंगठीकडं पाहिलं. हिरवीगार. मग तिचं लक्ष पातेल्याकडं गेलं. पाणी एकाच कपाचं ठेवलं होतं.

"लई घाबरलीस काय गं काल?" रंगरावांनी विचारलं.

मालननं पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतलं.

"घाबरीन," ती म्हणाली. "जरा येळ द्या मला."