पाच नावांचा वादिम

हे खरं घडलंय. गेल्या मार्चमध्ये, हायडेलबर्गच्या एका छोट्या संग्रहालयात, आमच्या स्वानंदीच्या तीन बरगड्या मोडल्या.

नाही. कागदोपत्री असं काही घडलंच नाही.

विम्याच्या कागदावर ‘शिडीवरून पडणे’ असं लिहिलंय. त्या खोलीत शिडी नव्हती, पण तेवढं सांगायला फॉर्मवर रकाना नाही.

रात्रही नव्हती. सोमवार, दुपारचे तीन. संग्रहालयाला सुट्टी.

स्वानंदी तिथे प्रदर्शनं मांडते. या वेळी वादिम कुद्रेल्स्की, सोव्हिएत काळातला कलाकार. चित्रं, कविता, ड्रम, बूट शिवणं... सरकारला न खपणारं सगळं चोरून करायचा. पोलिसांना माग लागू नये म्हणून प्रत्येक कलेला वेगळं नाव. माणूस मेला, नावं राहिली.

तिचा नवरा मयुरेश एश्बॉर्नला सॉफ्टवेअरमध्ये. बायकोला मदत म्हणून रविवारी त्याने प्रदर्शनाची यादी साफ करायला घेतली. एका माणसाच्या पाच नोंदी बघून त्याच्या अंगावर काटा आला. आयटीवाला भुतापेक्षा डुप्लिकेटला जास्त घाबरतो. चार नावं त्याने ‘वादिम’मध्ये विलीन केली. पाचव्या नावापुढे कलेचा रकाना रिकामा होता.

ते त्याने उडवलं.

सोमवारी स्वानंदी आत भिंतीवरच्या छोट्या स्क्रीनवर नवी यादी नीट उमटतेय का, ते बघत होती. वादिमचं स्वयंपाकघर तिथे जसंच्या तसं उभारलं होतं. हयातीत त्याने प्रदर्शनं तिथेच भरवली, दारं लावून. मयुरेश बाहेर लॅपटॉप घेऊन बसलेला.

आधी खुर्ची सरकली...

मग काहीच नाही.

मग स्वानंदी कुणाला तरी जर्मनमध्ये म्हणाली, की आज बंद आहे.

मग... धप्.

त्याने काचेच्या दारातून पाहिलं. आत स्वानंदी एकटी. आणि ती एकटीच भिंतीवर आपटत होती. पुन्हा. पुन्हा. दार उघडेना. त्याने काचेवर खुर्ची घातली. खुर्ची मोडली.

“एका नावात आम्ही सगळे कसे राहणार, म्हणतायत,” स्वानंदी म्हणाली. ओरडली नाही. तोंडात रक्त असलं की ओरडता येत नाही.

मयुरेशने लॅपटॉप ओढला.

पहिलं नाव वेगळं केलं... तालात पडणारे रट्टे थांबले.

दुसरं... यमकातल्या शिव्या थांबल्या.

तिसरं... भिंतीवर तिच्या रक्ताने ओढल्या जाणाऱ्या रेघा अर्ध्यावर थांबल्या. खरं सांगायचं तर चित्र चांगलं होत होतं.

चौथं... लाथा थांबल्या. दार उघडलं.

तो तिला उचलणार, तेवढ्यात तिच्या पोटात आणखी एक बसली. ताल नाही, रंग नाही. नुसती बुक्की.

“हा कोण?”

“तेच विचारतोय तो,” स्वानंदी म्हणाली. “मी कोण, म्हणतोय.”

उडवलेली नोंद परत मिळाली नाही. बॅकअप? गेनाऊ, अगदी बरोबर. तोही मयुरेशनेच साफ केला होता. आणि पाचवं नाव स्वानंदीला आठवेना, त्याने तर ते नीट वाचलंसुद्धा नव्हतं.

एप्रिलमध्ये प्रदर्शन उठलं. तो पाचवा उठला नाही, तिच्या मागे घरी आला.

आता दर सोमवारी पावणेतीनला स्वानंदी स्वतःहून गादीवर आडवी होते, डोकं हातांनी झाकून घेते. मयुरेश शेजारी बसून सुचतील ती रशियन नावं मोठ्याने वाचतो. अजून एकही बरोबर आलेलं नाही.

शेवटी त्याने सोव्हिएत पोलिसांनाच पत्र टाकलं. तो देश एक्याण्णव साली बुडाला, हे त्याला माहीत आहे.

“माननीय महोदय, आपल्या पाळतीखाली असलेल्या वादिम कुद्रेल्स्की या इसमाचे पाचवे नाव आपल्या दप्तरी असल्यास ते अर्जदारास कळवावे, ही नम्र विनंती. शक्यतो येत्या सोमवारी दुपारी तीनच्या आत.”