प्रबळची घळ

कर्नाळ्याच्या पायथ्यापासून माथेरानच्या पठारापर्यंत जंगलातून सलग धावता येईल अशी साठ किलोमीटरची वाट शोधायची, हे एकच वेड डोक्यात घेऊन अदीब मुकादम १९९३च्या हिवाळ्यात सौदीतल्या दम्मामहून पनवेलला सुट्टीवर आला होता.

तिकडे तो सहा वर्षं एका कंपनीच्या गोदामात कामाला होता. पहाटे उठून धावायचा. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना वाळू; ना चढ, ना वळण, ना पायाखाली पाचोळ्याचा आवाज. पाय तिथे पळायचे, आणि मन मात्र कारवीच्या रानातून प्रबळगड चढत असायचं. ओल्या मातीचा वास आठवला की त्याचा वेग आपोआप वाढायचा.

त्याची शाळेतली मैत्रीण अरुंधती आता नवीन पनवेलच्या एका शाळेत खेळ शिकवत होती. गिर्यारोहणाचं शिक्षणही तिने घेतलं होतं. जंगलातल्या लांब शर्यतीची कल्पना अदीबची, पण ती उभी केली अरुंधतीने. पाण्याचे माठ कुठे ठेवायचे, कोणत्या पाड्यापर्यंत बैलगाडी जाते, पाय मुरगळलेल्या माणसाला खाली कसं आणायचं, सगळं ठरलं होतं. झाडांना लाल चिंध्याही बांधून झाल्या होत्या. अडलं होतं एकाच जागी. प्रबळच्या माथ्यावरून पलीकडे धोदाणीच्या खोऱ्यात उतरायचं कसं? तिथे कुठेतरी एक जुनी घळ आहे, एवढंच ऐकलं होतं. तेवढा दुवा सापडला, की समोर माथेरानची चढण!

"तुम्ही तिकडे असता तेव्हा वाट बघते, ते माझं नशीब," अदीबची बायको अस्मा त्या सकाळी डबा बांधताना म्हणाली. "इथे आल्यावरही बघायची?"

"आजचा दिवस फक्त. ती घळ सापडली की झालं."

"मागच्या जुम्म्यालाही हेच म्हणालात."

तो डबा उचलून निघाला.

प्रबळमाचीवर काशिराम त्यांची वाट बघत होता. तो माचीवरचा ठाकूर, अदीबच्याच वयाचा, खांद्यावर घोंगडी टाकलेला. "माझा बाप उतरायचा त्या घळीतनं," तो म्हणाला. "मी नाय उतरलो कदी. पन मधी टाकं हाय पान्याचं, एवढं ऐकलंय."

माथ्यावरचं रान दाट होतं. जुन्या वाड्यांच्या जोत्यांवर वेली चढल्या होत्या, आणि ऐनाच्या खोडांमधून ऊन तिरपं उतरत होतं. अदीब पुढे चालला होता. मधेच थांबून तो एखाद्या खोडावर हात ठेवायचा, जसा आपण बऱ्याच दिवसांनी भेटलेल्या माणसाच्या खांद्यावर ठेवतो. मग रान अचानक संपलं. समोर दरी, दरीपलीकडे निळसर माथेरान, आणि पायाखाली काळ्या कातळात चिरत गेलेली घळ!

पहिला टप्पा सोपा निघाला. अरुंधतीने झाडाला दोर बांधला आणि तिघं एका रुंद कपारीवर उतरले. टाकं होतं खरं, पण त्यात पाला आणि वाळलेला चिखल.

काशिराम ओशाळला. "बापाच्या टायमाला आसंल पानी," तो पुटपुटला.

"असू दे," अदीब म्हणाला. "इथून खाली किती राहिलंय, बघू."

दुसरा दोर कातळाला वळसा देऊन खाली सोडला; वरचं टोक अरुंधतीने धरलं. अदीब कातळाला पाय देत उतरू लागला. खाली दगडांची घसरण दिसत होती, तिच्याखाली धोदाणीची कौलं. इतकी जवळ! तो मनात धावूही लागला. एवढ्यात पायाखालचा धोंडा निसटला. खालच्या कातळावर आपटला. आणि कड्याच्या पोटातून घूं... असा आवाज उठला.

"मोहोळ! आग्या मोहोळ!" वरून काशिराम ओरडला. "वर ये, भाय!"

काळा ढग उसळला. मानेवर डंख. कानावर. पापणीवर! हात सोडायची सोय नव्हती. अदीबने दात आवळले. एक पाय वर. हात वर. दुसरा पाय. काशिरामने त्याची बाही पकडून त्याला कपारीवर ओढलं. अरुंधती दोर धरून तशीच उभी होती. दोर सोडला असता तर अदीब गेला असता. तिच्या तोंडावर माश्याच माश्या होत्या!

"आडवे व्हा! हलू नका!" काशिरामने घोंगडी पसरली.

तिघं एका घोंगडीखाली दडपून पडले. बाहेर गुणगुण, आत तिघांचे श्वास. बराच वेळ गेला. गुणगुण विरळ झाली, मग थांबली.

घोंगडी बाजूला केली तेव्हा अरुंधतीचे डोळे सुजून मिटले होते. श्वास घेताना तिची छाती शिटीसारखी वाजत होती. काशिरामचा उजवा हात कोपरापर्यंत फुगला होता. पाणी उरलं होतं एका बाटलीच्या तळाशी.

"खाली जवळ हाय, भाय," काशिराम म्हणाला. "गावात पोचू लवकर."

"तू ठरव," अरुंधती कशीबशी म्हणाली. "मला काही दिसत नाहीये."

अदीबने खाली पाहिलं. सहा वर्षं ज्यासाठी झुरला ते तिथे होतं, डोळ्यांसमोर. पण लटकलेला असताना त्याने आणखी एक गोष्ट पाहिली होती. दोराचं टोक जमिनीला लागत नव्हतं. खाली दोन पुरुष उंचीची पोकळी होती. त्याने उडी मारली असती, कदाचित निभावलंही असतं. पण डोळे मिटलेली अरुंधती? एका हाताचा काशिराम? आणि शर्यतीच्या दिवशी सगळ्यांत मागे राहिलेला, पाय थरथरणारा, पनवेलच्या बँकेतला कुणी पन्नाशीचा कारकून? त्या माणसाचा चेहरा अदीबला अगदी स्पष्ट दिसला.

त्याने दोर वर ओढून घेतला.

"मागे फिरायचं," तो म्हणाला. "ही वाट आपली नाही."

चढण जीवघेणी होती. अरुंधतीच्या कमरेला दोर बांधून अदीब तिचा एकेक पाय आपल्या हाताने खोबणीत ठेवत होता. काशिराम डाव्या हाताने वरून ओढत होता. एकदा ती घसरली. दोर ताणला, अदीबचा गुडघा फुटला, पण पकड सुटली नाही! माथ्यावर पोचल्यावर उरलेलं पाणी तिला पाजलं आणि दोघांनी तिला आळीपाळीने पाठीवर घेऊन माची गाठली. तिथून माचीवरच्या पोरांनी डोली करून खाली नेलं. पनवेलच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, आणि सकाळपर्यंत तिचा श्वास मोकळा झाला.

शर्यतीची वाट बदलली. माचीवरून परत पायथ्याला, मग नदीकाठाने वळसा घेऊन धोदाणी. अंतर वाढलं, शोभा कमी झाली, पण शेवटचा माणूसही सुखरूप पोचेल अशी होती. शर्यत रविवारी होती. अदीबचं विमान त्याआधीच्या शुक्रवारी.

"वाट एकदा कुणीतरी पूर्ण धावून बघायला हवी," अरुंधती म्हणाली. तिच्या गालांवर अजून डाग होते. "गुरुवारी तू धाव. माठ भरून ठेवते मी. तुझ्यासाठी."

अदीबला हो म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं.

"गुरुवार अस्माचा आहे," तो म्हणाला. "काशिराम धावेल. त्याचा हात आता बरा आहे."

गुरुवारी तो आणि अस्मा पहिल्या एस.टी.ने धोदाणीला उतरले आणि माथेरानच्या कड्याकडे चढू लागले. ती डोंगर कधी चढली नव्हती. दर वळणावर ती थांबायची, दम खायची, आणि तो तिच्यासोबत थांबायचा. कड्यावर पोचले तेव्हा समोर प्रबळ उभा होता.

"कुठे उतरत होतात तुम्ही?"

त्याने बोट दाखवलं. अस्माने ती काळी चीर बराच वेळ पाहिली. मग त्याचं बोट हातात धरून खाली केलं.

"तिकडे या डोंगराची आठवण येते?"

"रोज."

"आणि माझी?"

त्याने मान डोलावली.

"मग पुढच्या खेपेला याला आणि मला वेगवेगळे दिवस देऊ नका," ती म्हणाली. "मला चढता येतं. बघितलंत ना?"

ऊन कलू लागलं तशी ती उठली. वाट अरुंद होती. ती पुढे झाली, एका हाताने ओढणी सावरत, दुसऱ्या हाताने झाडांचा आधार घेत, अगदी सावकाश. आयुष्यभर उतारावर धावत सुटणारा अदीब तिच्या मागे एकेक पाऊल टाकत होता, आणि पायथा जितका उशिरा येईल तितकं त्याला हवं होतं.