मांडव नसलेली वरात

टेक एक.

मी आले होते रामहरीबाबांचं क्लॅरिनेट रेकॉर्ड करायला. दारात उभा राहिला त्यांचा नातू, गहिनीनाथ.

"आज्याचे दात परवाच काढलेत, मॅडम. फुंकता येत न्हाई. मी वाजवू का?"

असा हसला, की मी हो म्हणून टाकलं... सूर न ऐकताच.

कोल्हारच्या लग्नाच्या बँडात तोही क्लॅरिनेट वाजवतो. आमचा सिनेमा एकोणीसशे अडतीस सालात घडणारा. त्यातलं क्लबातलं जॅझचं एक गाणं माझ्यावर सोपवलेलं — माझं पहिलंच. पाच वाजेपर्यंत क्लॅरिनेट पाठवलं नाही, तर पुण्याचे संगीतकार ते कॉम्प्युटरवर करून घेणार. मग गाणं माझं राहणार नाही.

खुर्चीत बसून त्यानं वाजवलं. सुरात होतं. पण मेलेलं.

"काय झालं?"

"बसून कधी वाजवलंच न्हाई. वरातीत बसतं का कोन?"

टेक दोन.

प्रवरेकाठची वाट. तो वाजवत पुढे येतोय, मी त्याच्यासमोर माईक धरून मागे मागे चालतेय. आता सूर जागा झाला — आळसावलेला, ओलसर, खट्याळ...

"मागं शेन हाय!"

टेक गेला. चप्पलही.

"आधी नाही सांगायचं?"

"आधी तुमच्याकडं बघत हुतो."

टेक तीन.

उसाचा ट्रॅक्टर. त्यावर डीजे. जाऊ दे.

साडेचार! टेक चार.

पावलं वाजू नयेत म्हणून दोघंही अनवाणी. गाणं संपलं — तो थांबेना. आणखी एक फेरा. आणखी एक. मी हातानं खुणा करतेय, पण त्याचे डोळे मिटलेले.

शेवटी मीच थांबले.

तो चालत आला. वीतभर अंतर उरलं तेव्हा डोळे उघडले, आणि शेवटचा सूर त्यानं इतका हळू सोडला... मी श्वास रोखला. माईकमध्ये आला असता.

"थांबला का नाहीत?"

"मांडव दिसल्याबिगर थांबत न्हाई आमी."

"मग आत्ता काय दिसलं?"

त्यानं क्लॅरिनेट खाली घेतलं. कान मात्र लाल.

पाचला दहा कमी असताना पाठवलं. वीस मिनिटांनी उत्तर आलं: 'हेच ठेवू. शेवट कसा सुचला?'

मी ते मोठ्यानं वाचलं. तो क्लॅरिनेट पुसत राहिला, पुसून झालेलं पुन्हा पुसत.

"मंजी तुमचं काम झालं."

"झालं."

"मंग जानार."

"जाणार..." बॅगेची चेन उगाच उघडली, लावली. "मंगळवारी लग्नाची सुपारी घेतलीय का कुठली?"

"न्हाई. मोकळा हाय. अजून एक गानं हाय का शिनिमात?"

खोटं बोलता आलं असतं.

"गाणं नाही. मी येईन. नुसतीच."

तो क्लॅरिनेटकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.

"मंग हे?"

"घरी ठेव."

"हात रिकामे ऱ्हातील की, मॅडम."

"नीलांबरी," मी म्हटलं. "आणि नाही राहणार."