आंबट संत्र्यांच्या बदल्यात

हे मी मनचं सांगत नाहीये. पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या.

पण हे घडलंय. माझे पणजोबा बासिलियो चाब्ले यांच्या डोळ्यांसमोर घडलंय, आणि ते थापा मारणारे नव्हते. युकातानात, आमच्या श्कानलूम गावामागच्या रानात. ऐन उन्हाळ्यात. आणि दिवसाढवळ्या!

त्या काळी आमच्याकडे एक गोरा राहायचा. नाव लुदोविक, पण गाव त्याला दोन लुदो म्हणायचं; स्पॅनिशमधलं 'दोन' म्हणजे आपलं 'राव'. रानात गाडल्या गेलेल्या आमच्या जुन्या देवळांनी त्याला पार वेडं केलं होतं. ताप आला, साप चावला, घोडं मेलं... हा आपला कोयता घेऊन पुढेच. बाहेरच्या जगाला ठाऊक नसलेली कितीतरी देवळं त्याने उजेडात आणली. दगडावरच्या चेहऱ्यांवर ओला कागद थापून ठसे घ्यायचा. घरदार मात्र समुद्रापार टाकून दिलेलं. बायको वाट बघून बघून वारली. एक मुलगी होती, क्लेमांस. लहान असताना सोडलेली. ती आता बापाला घरी न्यायला बोटीने निघाली होती.

झालं! म्हाताऱ्याला दुसरा विषयच सुचेना.

"बासिलियो, ओळखेल ना रे ती मला?"

"फोटो आहे ना तिच्याकडे तुमचा? आणि एवढं लांब नाक अख्ख्या युकातानात दुसरं आहे का कुणाचं?"

"एक शेवटचा ठसा घेतो. मग तिच्याबरोबर जातो."

शेवटचा...

तो दगड एका पडक्या भिंतीत होता. कुण्या जुन्या राजाचा चेहरा. कपाळ मागे झुकलेलं, ओठ जाड, नाक फुटलेलं. आमच्यात असं आहे की आधी रानाच्या धन्यांना विचारायचं, मक्याची पेज ठेवायची, मगच हात लावायचा. दरवेळी हे पणजोबा करायचे. त्या दिवशी दोन लुदोला हुक्की आली.

"आज मी बोलतो!"

पेजेऐवजी त्याने पिशवीतली आंबट संत्री मांडली. फळं घ्या आणि चेहरा द्या, एवढंच म्हणायचं होतं बिचाऱ्याला. पण आमच्या भाषेत फळालाही 'इच' म्हणतात आणि चेहऱ्यालाही 'इच'च. फळ म्हणायचं तर झाडाचं नाव घ्यावं लागतं. नुसतं 'माझं इच' म्हटलं की ते आपलं तोंड.

याने टोपी काढली आणि ठणठणीत आवाजात म्हणाला, "माझं इच घ्या. तुमचं इच मला द्या."

बरोबरचे गडी खो खो हसले. पणजोबाही हसले.

"काय हे दोन लुदो! तुमची जीभ अजून बोटीतून उतरलीच नाही!"

"का रे? काय चुकलं?"

पणजोबा सांगणार, तेवढ्यात...

रान गप्प झालं.

पक्षी नाही. किडा नाही. पानसुद्धा हलेना.

"चला, कामाला लागा," दोन लुदो म्हणाला. ब्रशने ओला कागद दगडावर ठोकायला लागला. थप... थप... थप...

घाम पुसायला तो थांबला.

थप... थप... थप...

आवाज भिंतीच्या आतून येत होता.

गडी कोयते टाकून पळाले. पणजोबा तेवढे थांबले, मित्राला सोडून जाणार कुठे? उन्हाने कागद वाळला. दोन लुदोने तो हलकेच सोडवला आणि पालथा केला.

आतल्या खोलगट चेहऱ्याचं नाक शाबूत होतं.

लांब. सरळ.

पणजोबांनी मान वर करून दगडाकडे पाहिलं... भिंतीतून दोन लुदो बघत होता.

बाजूला उभ्या असलेल्या दोन लुदोकडे वळून बघायची त्यांची हिंमत होईना. शेवटी बघितलं. कपाळ मागे झुकलेलं. ओठ जाड. नाक फुटलेलं.

"असा काय बघतोयस, बासिलियो?"

आवाज मात्र त्याचाच होता.

पणजोबा रडले हो! पुन्हा संत्री ठेवली, पेज ठेवली, दगडापुढे डोकं आपटलं. "चुकून बोलला, परका आहे, माफ करा." चेहरे काही परत फिरले नाहीत. घरी आले तर पाळलेला कुत्रा दोन लुदोवर धावून गेला. पणजीने दारातूनच विचारलं, "अहो, हे पाहुणे कोण?"

आणि मग क्लेमांस आली.

खेचरावरून उतरली. दोन लुदो अंगणात उभा होता, सकाळपासून धुतलेला सदरा घालून. तिने त्याच्यावरून नजर फिरवली आणि पणजोबांना मोडक्या स्पॅनिशमध्ये म्हणाली, "या म्हाताऱ्याला विचारा ना, माझे बाबा कुठे आहेत?"

तो तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलला. लाडाच्या नावाने हाक मारली असणार.

पोरगी पांढरीफटक पडली.

"माझ्या बाबांचा आवाज काढू नकोस!" ती किंचाळली. "काय केलंत तुम्ही त्यांचं?"

पणजोबा तिला रानात घेऊन गेले. दगड दिसताच ती धावली, त्याच्या गालाला गाल लावला आणि ढसाढसा रडली. तिला वाटलं, गावाने बापाची आठवण म्हणून कोरून ठेवलाय. तिने तो कापून घ्यायला लावला. पेंढ्यात गुंडाळून पेटीत घातला.

दोन लुदो आमच्या अंगणात बसून होता. पेटीवर हातोडा पडायला लागला. दर ठोक्याला तो दोन्ही हातांनी तोंड झाकायचा.

शेवटचा खिळा बसला.

"बासिलियो..." तो म्हणाला, "अंधार का झाला रे?"

डोक्यावर ऊन रणरणत होतं.

क्लेमांस पेटी घेऊन गेली. तो आमच्याकडेच राहिला, आंधळा. पुढे काही वर्षांनी एका सकाळी एकदम ओरडला, "उजेड! उजेड आला!"

मग डोळ्यांसमोर स्वतःचा हात हलवून बघायला लागला.

"काय दिसतंय?" पणजोबांनी विचारलं.

"माणसं. खूप माणसं. काचेपलीकडून माझ्याकडे बघतायत."

"पोरगी आहे का त्यात?"

"सगळे येतात रे," दोन लुदो म्हणाला. "तीच येत नाही."

तो गेला, तेव्हा पणजोबांनी त्याला आमच्याच स्मशानात पुरलं. आम्ही अजून दरवर्षी ती जागा झाडतो, मेणबत्ती लावतो. माणूस गेला, सुटला, असं आई म्हणते.

मला काही ते पटत नाही. तो दगड अजून समुद्रापार कुठेतरी काचेआड उभाच असेल ना...

मग आता त्यातून कोण बघतंय?